जनरेटर २४० वरून १२० वर आणायचाय, लाल-काळी तार एकत्र जोडली तर चालेल का?

चाकांवरचं_घर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवतो. जुनं मोटारहोम घेतलंय, त्यात ५ किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर आहे, चार पोलचा, १८०० आरपीएम, ६० हर्ट्झ. आधीच्या मालकाने तो दुसरीकडून कुठून तरी काढून आणून बसवलेला दिसतोय, कारण त्यातून चार तारा बाहेर येतात, काळी, लाल, पांढरी, हिरवी. काळी-लालमध्ये २४४ व्होल्ट येतात आणि पांढरीला धरून मोजलं तर दोघींचे १२२-१२२. पण माझी गाडी ३० अँपवाली, म्हणजे पॅनलला एक फेज आणि एक न्यूट्रल, बास. २४० वर चालणारं गाडीत एकही उपकरण नाही. तर त्या गृहस्थाने काय केलं, काळी तार पॅनलला दिली आणि लालच्या टोकाला टेप गुंडाळून ती जंक्शन बॉक्समध्ये कोंबून ठेवली.

त्यामुळे जनरेटर ५ किलोवॅटचा असून हातात येतात अडीच. छतावरचा एसी १३,५०० बीटीयूचा आहे, तो चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की जनरेटरवरचा २० अँपचा ब्रेकर पडलाच म्हणून समजा. आणखी एक विचित्र प्रकार, एसी चालू असताना काळीवर १०९ व्होल्ट दिसतात पण रिकामी पडलेली लाल जागची हलत नाही, १२२ ते १२२. म्हणजे जिला काम नाही ती एकदम ठणठणीत.

इकडचं तिकडचं वाचून एवढं कळलं की आत १२० ची दोन वाइंडिंग असतात, आत्ता ती सिरीजला आहेत, पॅरलल केली की ४१ अँप एकाच फेजवर मिळतील. तर माझा बेत असा, की जनरेटर उघडायचाच नाही, जंक्शन बॉक्समध्येच लाल आणि काळी एकत्र पिळायच्या, ती झाली फेज, पांढरी आहे तशी न्यूट्रल. केबल १२ गेजची आहे (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) तीच ठेवायची, फेजला आता दोन तारा झाल्या म्हणजे जाडी पण दुप्पट झाली. उद्या करून टाकू का?

न्यूट्रल_नाना

थांबा थांबा थांबा. उद्या काय, कधीच नाही!

अहो तुम्हीच लिहिलंय की लाल-काळीमध्ये २४४ मोजले. ज्या दोन तारांमध्ये २४४ व्होल्ट आहेत त्या एकत्र पिळणं म्हणजे २४४ चा थेट शॉर्ट. ब्रेकर वेळेवर पडला तर तुमचं नशीब, चिकटून बसला तर वाइंडिंग भाजेल आणि मग अख्खा स्टेटर, म्हणजे वाइंडिंग असलेला न फिरणारा भाग, भरायला द्यावा लागेल.

पॅरलल बाहेरून होत नाही, आतला सांधा सोडावाच लागतो. नीट सांगतो. दोन वाइंडिंग, प्रत्येकाला दोन टोकं, एकूण चार, त्यांना टी१, टी२, टी३, टी४ म्हणतात. पहिल्या वाइंडिंगची टी१-टी२, दुसऱ्याची टी३-टी४. टी१ आणि टी३ ही दोघांची सुरुवात असं धरा. सिरीजमध्ये टी२ आणि टी३ जोडलेले असतात, तो मधला सांधा म्हणजे तुमची पांढरी, टी१ म्हणजे काळी, टी४ म्हणजे लाल. पॅरललमध्ये सुरुवात-सुरुवात एकत्र आणि शेवट-शेवट एकत्र, म्हणजे टी१ + टी३ ही फेज आणि टी२ + टी४ ही न्यूट्रल. तुमच्या बेतात टी१ आणि टी४ एकत्र येत होते, म्हणजे एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट, आणि मध्ये टी२-टी३ जोडलेलेच. गोल पूर्ण झाला, दोन्ही वाइंडिंग एकमेकांना ढकलत बसणार.

आता त्या १०९ आणि १२२ चं. पैज लावतो की तुमचा एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा बोर्ड) लालच्या बाजूच्या वाइंडिंगवर नजर ठेवून आहे. त्याला तिथे १२२ दिसतात, तो म्हणतो सगळं छान चाललंय, फील्ड (आतल्या चुंबकाचा जोर) कशाला वाढवू. लोड सगळा काळीवर, तिचं व्होल्टेज बसतंय ते त्याला दिसतच नाही. पॅरलल केल्यावर दोन्ही वाइंडिंग एकच होतात, मग हा त्रास आपोआप जाईल.

चाकांवरचं_घर

नाना, तुमचे पाय कुठे आहेत सांगा, नमस्कार करतो. वाचलो.

पण आता दुसरा घोळ. तुमचं उत्तर वाचलं आणि लगेच उत्साहात कव्हर उघडून सगळ्या तारा सुट्या केल्या. फोटो काढला होता हो! पण फोटोत वाइंडिंगच्या आतल्या चारही तारा काळ्या आणि काजळीने माखलेल्या, कुठली कुठे जात होती ते काही दिसत नाही. दोन तारांवर टी१ आणि टी२ च्या पट्ट्या शाबूत आहेत, बाकी दोघींवरचं पुसलं गेलंय. त्या दोघींच्याच लगवर (टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) दोन बारीक तारा पण आहेत, त्या एव्हीआरकडे जातात. शिवाय आणखी बारीक चार तारा आहेत, दोनवर क्यू१ क्यू२ आणि दोनवर बी१ बी२.

न्यूट्रल_नाना

हात कपाळाला.

सुटं करायच्या आधी विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. बाहेर २४४ येत होते म्हणजे सिरीज बरोबरच होती, मग टी२ बरोबर जी बांधलेली ती टी३, संपलं. आता ते गेलं, त्यामुळे तपासूनच ठरवायला लागेल. क्यू आणि बी ला अजिबात हात लावू नका, क्यू फील्डला करंट पुरवणाऱ्या वाइंडिंगची आणि बी बॅटरी चार्जिंगची असते, त्यांचा तुमच्या १२०-२४० शी संबंध नाही. एव्हीआरच्या बारीक तारा आहेत तिथेच राहू द्या, त्या नसताना जनरेटर चालवला तर व्होल्टेज कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही.

तपासायची रीत आपले तारजुळणी सांगतील, त्यांनी आयुष्यभर मोटारी भरल्यात.

तारजुळणी

आलो आलो.

इंजिन बंद, सुरू करायच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा कारण काही गाड्यांना आतून बटनावर किंवा आपोआप स्टार्ट असतो, तुमचा हात आत आणि कोणी बटन दाबलं तर काय होईल ते सांगत नाही. खांबावरची (गाडी उभी करायच्या जागी प्लगने घेतो ती) लाईट काढलेली, इन्व्हर्टर असला तर तोही बंद. हे सगळं झालं की मल्टिमीटर ओहमवर टाका आणि जोड्या शोधा. टी१-टी२ मध्ये जेमतेम अर्ध्या ओहमच्या आत दाखवेल, दुसऱ्या दोघींमध्ये तेवढंच दाखवलं पाहिजे, आणि एका जोडीपासून दुसऱ्या जोडीला काहीच दाखवायला नको. बॉडीला पण काही दाखवायला नको, पण बॉडीची अर्थिंगची पट्टी न्यूट्रलच्या लगला असेल तर ती आधी काढा, नाहीतर उगाच घाबराल. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर एव्हीआर सोडवून ५०० व्होल्टने बॉडीला मारून बघा आणि मग एव्हीआर परत लावा. नसेल मेगर तर असू दे, जनरेटर काल चालत होता.

आता दिशा. दोन अनोळखी तारांना आपण सध्या क आणि ख म्हणू. क ला टी३ समजून चला. टी२ आणि ख बोल्टने पक्क्या एकत्र करा, टेप लावा. टी१ आणि क मोकळ्या ठेवा, लांब लांब, दोघींना वेगळं इन्सुलेशन. त्या दोघींच्या मध्ये १२० व्होल्टचे दोन बल्ब सिरीजला लावायचे, जुने पिवळ्या उजेडाचे, एलईडी नको, एलईडी गळतीच्या करंटवर पण मिणमिणतो आणि फसवतो. बल्ब आधी टी१ आणि टी२ वर लावून बघा, दोन्ही अर्धे पेटले पाहिजेत. हे करायचं कारण असं की पुढच्या पायरीत अंधार म्हणजे बरोबर, आणि बल्ब उडालेला असला तरी अंधारच दिसतो.

मग टी१ आणि क मध्ये बल्ब. इंजिन सुरू करा. पूर्ण उजेड आला तर तिथे २४० आहेत, दिशा उलटी, इंजिन बंद करून क आणि ख ची अदलाबदल. अंधार असला तर मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या आत दाखवलं तर सुरुवात सुरुवातीला मिळाली. तेवढं झाल्याशिवाय ते शेवटचं टोक जोडायचं नाही, कितीही खात्री वाटली तरी. आमच्या कामात खात्री वाटली की स्टेटर परत येतो.

अर्धा_एचपी

माझं मत वेगळं आहे, शिव्या घाला हवं तर. कशाला एवढा उपद्व्याप? आधी सिरीजला होतं ते काय वाईट होतं? लाल तार रिकामी आहे ना, तिला कामाला लावा. छोटा दोन फेजचा पॅनल टाका, एसी काळीवर, बाकी सगळं लालवर. दोन्ही बाजूंना २०-२० अँप, एकूण तेवढेच ५ किलोवॅट, वाइंडिंगला हात नाही, बल्ब नाही, काही नाही. वर न्यूट्रलमधून फक्त फरकाचा करंट जातो, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १० असेल तर न्यूट्रलमध्ये २. तार गरम पण होत नाही.

न्यूट्रल_नाना

शिव्या कशाला, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण दोन गोष्टी. एक, ते खांबाला ३० च्या प्लगने जोडतात, तिथे एकच फेज येते, मग दोन फेजचा पॅनल खांबावर असताना एका फेजने चालवायचा आणि जनरेटरवर दोन फेजने, ट्रान्स्फर स्विच (खांब की जनरेटर ते निवडणारा) पण बदलायला लागणार. करता येतं, पण उपद्व्याप तोच आहे, जागा फक्त बदलली.

दुसरी गोष्ट माझ्या नावातच आहे. २४०/१२० मध्ये न्यूट्रल सुटली की काय होतं ते एकदा कागदावर मांडून बघा. एसी १२ अँप घेतो, म्हणजे साधारण १० ओहम. दुसऱ्या फेजवर चार्जर, टीव्ही, दिवे मिळून ३ अँप, म्हणजे ४० ओहम. न्यूट्रल तुटली की हे दोघे २४० व्होल्टवर सिरीजला आले, एकूण ५० ओहम, करंट ४.८ अँप. एसीला मिळणार ४८ व्होल्ट आणि तुमच्या टीव्हीला १९२. एसी फक्त बंद पडेल, टीव्हीतून धूर येईल. मोटार साधा रेझिस्टन्स नसते हे मला पण माहीत आहे, कोणी ते सांगायला येऊ नका, अंदाज यावा म्हणून मांडलं. आणि चालती गाडी दिवसभर हादरते, स्क्रू ढिले होतात, न्यूट्रल सुटणं घरापेक्षा इथे जास्त सोपं. एका फेजच्या गाडीत न्यूट्रल सुटली तर सगळं नुसतं बंद पडतं. ज्याला २४० ची गरजच नाही त्याने ही जोखीम कशाला पाळायची?

अर्धा_एचपी

१९२ चं पटलं. माझ्या गाडीत ड्रायर २४० चा आहे म्हणून मी तसाच ठेवलाय, पण आता उद्या न्यूट्रलचे स्क्रू आवळून येतो.

वाटसरू_बाई

मध्येच घुसते, माझा प्रश्न याच विषयाला लागून आहे. आमची गाडी ५० अँपची, म्हणजे खांबावरून दोन फेज येतात, पण २४० वर चालणारं आमच्याकडे पण काही नाही. आमचा जनरेटर आधीपासूनच फक्त १२० चा आहे आणि त्याची एकच फेज पॅनलच्या दोन्ही बाजूंना दिलीये, कारखान्यातूनच तसं आलंय. हे चालतं का? आणि दुसरं, आमचे हे म्हणतात की अशाच तारा बदलून २३० व्होल्ट ५० हर्ट्झ पण करता येईल, पुढे मागे दुसऱ्या देशात गाडी नेली तर.

न्यूट्रल_नाना

ताई, कारखान्यातून आलंय तर चालतं, बऱ्याच गाड्यांत तसंच असतं. फक्त एक तपासा. काही गाड्यांत दोन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल नेलेली असते, एका केबलमध्ये काळी आणि लाल दोन फेज आणि पांढरी दोघींना सामाईक. दोन फेज उलट्या दिशेच्या असतात तेव्हा हे ठीक, न्यूट्रलमध्ये फरकच जातो. पण जनरेटरवर दोन्ही बाजूंना एकच फेज आली की न्यूट्रलमध्ये बेरीज जाते. एकीकडे १८ आणि दुसरीकडे १६ असेल तर पांढरीत ३४ अँप, तार २० ची, आणि न्यूट्रलवर ब्रेकर नसतो त्यामुळे पडणार काहीच नाही, तार भिंतीच्या आत शांतपणे भाजत राहणार. मूळ गाडीत कारखान्याने बहुतेक असं केलेलं नसतं, नंतर कोणी हौशी माणसाने जास्तीचं सर्किट टाकलं असेल तर मात्र पॅनल उघडून बघा.

तारजुळणी

५० हर्ट्झचं मी सांगतो. वाइंडिंग कशीही जोडा, हर्ट्झ बदलत नाही, तो फक्त पोल आणि वेगावर. पोल गुणिले आरपीएम भागिले १२०. चार पोल, १८०० ला ६०, आणि १५०० ला ५०. दोन पोलचा असेल तर ३६०० आणि ३०००. म्हणजे गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) खाली आणावा लागेल. मग तुमचे हे म्हणतील आणू की. पण वेग कमी झाला की व्होल्टेज पण त्याच प्रमाणात उतरतं, २४० चे २०० होतात. ते परत २३० ला न्यायचं तर फील्ड वाढवायला लागतं, मग लोखंड सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व घेत नाही), फील्ड तापतं, वर पंखा पण हळू फिरतोय त्यामुळे हवा कमी. इंजिनची ताकद पण वेगाबरोबर उतरते. ज्या जनरेटरच्या पाटीवर ५० आणि ६० दोन्ही लिहिलंय तो करावा, बाकीच्यांनी वेगळा घ्यावा. आणि एवढं करून आत बसलेले एसी, मायक्रोवेव्ह १२० व्होल्ट ६० हर्ट्झचेच राहतात, त्यांचं काय करणार.

इन्व्हर्टर जनरेटर असेल तर यातलं काहीच लागू नाही, तिथे आऊटपुट बोर्डवर तयार होतं, वाइंडिंगची टोकं अदलून काही मिळत नाही. दोनच जाड तारा बाहेर येणारा १२० चा जनरेटर असेल तर त्याला पण २४० करता येत नाही, आतलं वाइंडिंग फोडून टोकं काढायला लागतील. तिथे सरळ ट्रान्सफॉर्मर लावा.

वाटसरू_बाई

ह्यांना वाचायला दिलं. गप्प आहेत.

काजळी

मी फक्त एका गोष्टीसाठी लिहितोय, कारण या धाग्यात सगळं इतकं छान चाललंय की कोणीतरी माझ्यासारखं करेल. मी तीन वर्षांपूर्वी हेच केलं, सिरीजचं पॅरलल, दिशा तपासली, सगळं बरोबर. फक्त माझ्या जनरेटरमध्ये एव्हीआर एका वाइंडिंगवर नव्हता, टी१ आणि टी४ वर होता, म्हणजे २४० वर. पॅरलल केल्यावर मी त्या दोन बारीक तारा नव्या फेज आणि न्यूट्रलला नेऊन जोडल्या, म्हटलं आऊटपुटला होत्या तर आऊटपुटलाच लावू. त्याला २४० ची सवय, दिसले १२०, तो म्हणाला अरे निम्मंच येतंय, आणि फील्ड सोडला पूर्ण. मीटर बघेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील, तेवढ्यात मायक्रोवेव्हचा बोर्ड आणि बॅटरी चार्जर दोन्ही गेले. मूर्खपणा हा की पहिल्यांदा सुरू करताना पॅनलचा मेन मी चालूच ठेवला होता.

त्यामुळे एव्हीआरची तार कुठे आहे ते आधी बघा, आणि पहिल्या वेळी गाडी तोडलेली ठेवा, मीटरशिवाय त्या जनरेटरला काही जोडलेलं नको.

तारजुळणी

हे अगदी बरोबर लिहिलंत. चाकांवरचं_घर यांचा एव्हीआर क आणि ख या एकाच जोडीवर आहे म्हणजे १२० च बघतोय, त्यांना काही बदलायचं नाही. पण दुसरं कोणी वाचत असेल तर २४० वर असलेला एव्हीआर एक तर १२० च्या सेटिंगला न्यावा लागतो, किंवा बदलावा लागतो. ज्यात एव्हीआरच नाही, नुसता कॅपॅसिटर आहे, त्यात हा प्रश्न येत नाही, कॅपॅसिटर त्याच्या वेगळ्या वाइंडिंगवर असतो आणि मुख्य तारांकडे तो बघत नाही.

चाकांवरचं_घर

आज बसलो होतो. टी१-टी२ मध्ये ०.३ ओहम, क-ख मध्ये पण ०.३, एकमेकांना काही नाही. बल्ब टी१-टी२ वर अर्धे पेटले. मग सांगितल्याप्रमाणे टी२ आणि ख एकत्र, टी१ आणि क मध्ये बल्ब, इंजिन सुरू… आणि झगझगीत उजेड! दोन पावलं मागे गेलो. म्हणजे क ही टी४ निघाली. अंदाजाने जोडलं असतं तर आज फोटो टाकायला उरलो नसतो. बंद करून अदलाबदल केली, अंधार, मीटरवर १.८ व्होल्ट.

अजून शेवटचा जोड केलेला नाही, केबलचं विचारायचं राहिलंय. १२ गेजच्या लाल आणि काळी दोन्ही फेजला वापरू का? आता तर दोघींवर एकच फेज आहे. आणि ब्रेकर ४० चा टाकू ना, ४१ अँप मिळतायत तर?

न्यूट्रल_नाना

नाही आणि नाही.

१२ गेजची तार २० अँपची. दोन बारीक तारा जोडून एक जाड तार होत नाही, एकीचा लग ढिला झाला की सगळा करंट दुसरीतून, आणि ब्रेकरला ते कळत नाही. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये १/० गेजपेक्षा बारीक तारा अशा जोडीने वापरायला साधारणपणे परवानगीच नाही. शिवाय पांढरी तुमच्याकडे एकच आहे. आधी तिच्यातून जास्तीत जास्त २० जायचे, आता फेजमधून जेवढे जातील तेवढे सगळे तिच्यातूनच परत येणार. फेज जाड केली आणि न्यूट्रल विसरले असे मी निदान चार पाहिलेत.

ब्रेकरचं असं, की जनरेटर किती देतो ते बघायचं नाही, पुढचं सगळ्यात नाजूक काय आहे ते बघायचं. तुमचा पॅनल ३० चा, ट्रान्स्फर स्विच ३० चा. तर जनरेटरवर एक पोलचा ३० चा ब्रेकर आणि १० गेजच्या तारा, फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही. ४० टाकायचा हट्ट असेल तर ८ गेज, ट्रान्स्फर स्विच बदला, पॅनल बदला, म्हणजे अर्धी गाडी बदला. उरलेले ११ अँप वाया जातायत असं वाटत असेल तर पुढे कधी दुसरा २० चा ब्रेकर टाकून त्यावर स्वतंत्र केबलने एखादं वेगळं सर्किट घ्या, त्याची न्यूट्रल पण वेगळी. कारखान्याच्या बऱ्याच मोटारहोम जनरेटरवर ३० चा आणि २० चा असे दोन ब्रेकर असतात ते याचसाठी. फक्त ३० आणि २० मिळून ५० होतात आणि जनरेटर ४१ चा, ती बेरीज ब्रेकर करत नाही, तुम्ही करायची.

जुना दोन पोलचा २० चा ब्रेकर काढून टाका, त्याच्या दोन पोलमधून दोन वाइंडिंग नेऊन पुढे एकत्र करू नका.

तारा सगळ्या बारीक पदरी घ्या, एकसंध कांडीची तार हादऱ्याने लगजवळ तुटते. सांधे लग दाबून बोल्टने, त्या फिरवून बसवायच्या टोप्या नकोत. आणि अर्थिंगची पट्टी आता टी२-टी४ च्या सांध्याला, जनरेटरच्या बॉडीला. गाडीच्या पॅनलमध्ये मात्र न्यूट्रल आणि बॉडी वेगळीच राहिली पाहिजे, तिथे कोणी स्क्रू मारून जोडलेली नाही ना ते बघा, नाहीतर खांबावर असताना न्यूट्रलचा करंट गाडीच्या पत्र्यातून वाहतो आणि न्यूट्रल सुटली की पायरीवर पाय ठेवणाऱ्याला झटका.

चाकांवरचं_घर

झालं!! आकडे देतो.

गाडी तोडून पहिल्यांदा रिकामा चालवला, १२३ व्होल्ट, ६१.५ हर्ट्झ. रिकाम्यात टी१ आणि टी३ च्या तारांना क्लॅम्प मीटर लावला तर ०.३ अँप, म्हणजे दोन वाइंडिंग आपसात भांडत नाहीयेत असं समजतो. मग पॅनल चालू करून एसी, मायक्रोवेव्ह, चार्जर सगळं एकदम. २८ अँप, ११८ व्होल्ट, ५९.५ हर्ट्झ. टी१ मध्ये १४.२ आणि टी३ मध्ये १३.८, अगदी सख्ख्या भावांसारखी वाटणी. ब्रेकर पडला नाही, एसी सुरू होताना दिवे किंचित लवतात पण पूर्वीसारखे मिणमिणत नाहीत. अर्धा तास चालवून सांध्यांना बंद करून हात लावला, कोमट.

आणि हो, नाना, पॅनलमध्ये न्यूट्रलच्या पट्टीला खरंच एक हिरवा स्क्रू मारलेला होता, सरळ बॉडीत. काढला.

न्यूट्रल_नाना

तो स्क्रू घरातल्या पॅनलमध्ये असतो म्हणून लोक इथे पण मारतात. बरं झालं.

हर्ट्झ छान आहेत, गव्हर्नरला हात लावू नका. महिनाभर गाडी फिरली की कव्हर उघडून चारही बोल्ट एकदा आवळा. आणि जनरेटरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पुसली न जाणारी शाई घेऊन लिहा, टी१ + टी३ फेज, टी२ + टी४ न्यूट्रल, फक्त १२० व्होल्ट, एव्हीआर टी३-टी४ वर. पाटीवर अजून २४०/१२० छापलेलं असणार, पुढचा मालक तेच वाचेल.

चाकांवरचं_घर

लिहिलं. चारही तारांना नव्या पट्ट्या पण लावल्या, आणि या वेळी फोटो काढायच्या आधी फडक्याने पुसून घेतल्या.